स्तुती, खुशामत आणि क्षमापत्र : रायपूरच्या वाङ्मयेतिहासातील एक प्रकरण

छत्तीसगढ हे नाव साहित्यात प्रथम आले ते एका भाटाच्या तोंडून, अशी परंपरा आहे. खैरागढच्या लक्ष्मीनिधी राय या राजापुढे दलराम राव नावाच्या चारणाने म्हटलेल्या एका कवित्तात हा शब्द आढळतो, आणि त्या कवित्ताचा काळ परंपरेने इ. स. 1494 मानला जातो. एखाद्या प्रदेशाने आपले नाव भाटाच्या मुखातून घ्यावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी फारशी गौरवाची वाटत नाही. भाट म्हटला की धन्याचे पोवाडे गाऊन पोट भरणारा माणूस अशीच आपली समजूत असते. परंतु त्या कवित्ताचा आशय ध्यानात घेतला तर ही समजूत थोडी सैल करावी लागते. राजाने मन देऊन ऐकावे अशी विनंती करून हा चारण सांगतो काय, तर छत्तीस गढांत आता गढ राखणारा कोणी उरला नाही, पुरुषांत पुरुषार्थ राहिला नाही, सगळे भयाने कापत आहेत आणि ढाल आडवी धरणारा एकही राजा दिसत नाही. हे राजाचे गुणगान नव्हे. त्यात राजाला आवाहन आहे, आणि त्या आवाहनाच्या पोटात दोषारोपही आहे.

जुन्या काळच्या भाटाला धन्याच्या अन्नावर राहूनही धन्याला टोचण्याचा एक मान्य अधिकार होता. स्तुती आणि खुशामत यांमधील भेद पाहावयाचा तर प्रारंभ या अधिकारापासून करावयास हवा. ज्याला निंदेची मोकळीक आहे त्याचीच स्तुती ही स्तुती असते. ती मोकळीक ज्याने विकली त्याचे शब्द कितीही खरे असले तरी त्यांना साक्षीचे मोल उरत नाही. रायपूर आणि त्याभोवतीच्या प्रदेशाचा वाङ्मयीन इतिहास या भेदाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे, आणि मराठी वाचकाला तर तो जवळचाही आहे. कारण त्या इतिहासातील मुख्य पुरुष मराठी घरात जन्मलेला होता, आणि हिंदी भाषेने त्याला आपला मानून मोठे केले.

या गोष्टीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. खुशामत हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ ‘बरे झाले आलात’ एवढाच, म्हणजे दारात आलेल्याचे स्वागत. स्वागताच्या शब्दाला पुढे लाचारीचा वास लागला, ही त्या शब्दाची नव्हे, दाराशी उभ्या असलेल्यांची कथा आहे. लांगूलचालन हा संस्कृत शब्द कुत्र्याच्या शेपटीवरून आला. भर्तृहरीच्या नीतिशतकात अन्नदात्यापुढे शेपूट हालविणारा श्वान आणि शांतपणे आपला घास घेणारा गजराज यांचा विरोध दाखविला आहे, आणि वामन पंडितांच्या भाषांतरामुळे नीतिशतक मराठी वाचकांच्या घरातलेच झाले. तोंडपुजेपणा, हांजीहांजी, लाळघोटेपणा हे त्यापुढचे घरगुती शब्द. हिंदीत यासाठी ‘ठकुरसुहाती’ असा मोठा मार्मिक शब्द आहे : ठाकुराला सुहावणारे, म्हणजे धन्याला गोड लागणारे बोलणे. सत्य कोणते याची चौकशी त्यात मुळातच वगळलेली आहे.

मात्र प्रत्येक आदरवाचक शब्द खुशामतीचा असतो असे नाही. मराठेशाहीतील पत्रांचे मायने पाहिले तर ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’, ‘वेदशास्त्रसंपन्न’, ‘राजमान्य राजश्री’ अशी भरघोस विशेषणे पदोपदी भेटतात. आजच्या वाचकाला ती अतिशयोक्तीची वाटतात. पण त्या काळी ती मोजून दिलेली होती. कोणाला कोणता मायना लिहावयाचा हे लिहिणाऱ्याच्या लहरीवर नव्हते, दर्जावर ठरलेले होते. जे सर्वांनाच नियमाने द्यावयाचे असते त्यात लाचारी नसते. नियमाने देय असलेल्या मानाहून चिमूटभर अधिक घालून त्याच्या मोबदल्यात काही मिळण्याची वाट पाहू लागले की खुशामत सुरू होते. ही चिमूट ओळखणे इतिहासकारालाही कठीण जाते, कारण कागदावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात.

मराठी भाषा छत्तीसगढात आली ती भोसल्यांच्या राज्याबरोबर. 1741 साली भास्करराम रतनपुरावर चालून गेला. 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून कारभार केला. राजा प्रदेशात राहत होता तोवर प्रजेला आणि अधिकाऱ्यांना निदान एक तोंड समोर होते. बिंबाजींच्या पश्चात नागपुरात बसून सुभ्यांमार्फत कारभार चालविण्याची पद्धत आली आणि ती 1818 पर्यंत टिकली. सुभ्याचे पद कायम नव्हते आणि वंशपरंपरागतही नव्हते. ते बहुधा ठेक्याने दिले जाई. अधिक रक्कम कबूल करणारा पुढे जाई आणि ती रक्कम रयतेकडून वसूल करी. ज्याचे पद नागपूरच्या मर्जीवर अवलंबून, त्याचे कान रयतेकडे कसे वळणार? आणि त्याच्या हाताखालच्या माणसांनी त्याची मर्जी राखण्यावाचून दुसरे काय करावे? खुशामतीला माणसाचा स्वभाव जितका कारण असतो तितकीच पदाची अस्थिरता कारण असते, याचे हा काळ उत्तम उदाहरण आहे. जेथे नियमाने मिळावयाची गोष्ट मेहेरबानीने मिळते, तेथे ताठ मानेचा माणूस हळूहळू दुर्मिळ होतो, आणि मग त्याचीच गणना अव्यवहारी माणसांत होऊ लागते.

1818 नंतर इंग्रजी देखरेखीच्या काळात प्रदेशाचे मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आले. 1830 ते 1854 या काळात भोसल्यांची सत्ता पुन्हा नांदली आणि 1854 मध्ये राज्य खालसा झाले. रायपूर हे कमिशनरचे गाव झाले. भोवताली संस्थाने होती. 1905 च्या फेररचनेनंतर छत्तीसगढच्या संस्थानांची संख्या चौदा झाली. त्यांचे राजपुत्र शिकावयास यावेत म्हणून जबलपुरात निघालेले राजकुमार कॉलेज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रायपुरास हलविण्यात आले. संस्थानिक कमिशनरकडे पाहत, जमीनदार संस्थानिकाकडे पाहत, मालगुजार जमीनदाराकडे पाहत, आणि गावचा कुळवाडी सगळ्यांकडेच पाहत असे. या उतरंडीत रावसाहेब, रायबहादूर, खानसाहेब हे किताब म्हणजे नव्या राज्यकर्त्यांचे मायने होते. जुन्या मायन्याहून त्यांचा फरक एवढाच की ते दर्जाने आपोआप लाभत नसत, ते मिळवावे लागत. जो मान मिळवावा लागतो आणि जो देणारा एकच असतो, तो मान घेणाऱ्याला बांधून ठेवतो.

अशा वातावरणात जानेवारी 1900 मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर हे त्याचे संपादक आणि रायपूरचे वामन बळीराम लाखे हे प्रकाशक. तिघेही मराठी. सप्रे यांचा जन्म 19 जून 1871 रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला होता. शिक्षणाचा काही भाग रायपुरात झाला. पदवीधराला त्या काळी सरकारी नोकरीची वाट मोकळी होती. ती न धरता त्यांनी पेंड्रा येथील जमीनदार घराण्यात राजकुमाराचे शिक्षक म्हणून काम पत्करले, आणि त्या वेतनातून मासिकाचा संसार मांडला.

या मासिकाचे खरे महत्त्व त्यातील ग्रंथपरीक्षणांत आहे. हिंदीत त्या वेळी पुस्तकाची पोच देणे आणि पुस्तकाचे परीक्षण करणे यांत फारसा भेद राहिलेला नव्हता. ग्रंथकार भेट म्हणून प्रत पाठवी, संपादक दोन गोड वाक्ये छापी, आणि परस्परांचा व्यवहार पुरा होई. ग्रंथ एखाद्या राजेसाहेबांना अर्पण केलेला असेल तर गोडी अधिकच वाढे. सप्रे यांनी आरंभीच जाहीर केले की भाषेत साठत चाललेला केरकचरा थांबावा म्हणून प्रकाशित ग्रंथांची मर्मज्ञांकडून समालोचना करविण्यात येईल. श्रीधर पाठक यांच्यासारख्या प्रतिष्ठित कवीच्या कृतीही या कसोटीवर घासल्या गेल्या. गुण तेथे गुण म्हणून सांगितले, दोष तेथे ओळी दाखवून दोष सांगितले. हिंदी समीक्षेच्या इतिहासकारांनी या परीक्षणांना आधुनिक हिंदी समालोचनेच्या पायाभरणीत स्थान दिले आहे.

हा बाणा सप्रे यांनी कोठून घेतला, हे मराठी वाचकास सांगावयास नको. 1874 मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’ने विद्वत्तेचा आणि सरकारी प्रतिष्ठेचा संबंध तोडून दाखविला होता. मोठ्या पदावरचा माणूस लिहितो म्हणून ते चांगले, ही समजूत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मराठीतून उपटून काढली. त्यांचे निबंध गंगाप्रसाद अग्निहोत्री यांच्या भाषांतराने हिंदीतही गेले होते. परंतु पुण्यात निबंधमाला काढणे आणि छत्तीसगढात हे मासिक चालविणे यांत मोठे अंतर होते. पुण्यात वाचकवर्ग होता, रोष झाला तर पाठीशी उभे राहणारे मित्र होते. पेंड्र्यात बसून लिहिणाऱ्या संपादकाच्या भोवती मुख्यतः संस्थाने, जमीनदाऱ्या आणि कचेऱ्या होत्या. अशा ठिकाणी परखडपणाची किंमत रोकडीत मोजावी लागते. मासिक तीन वर्षे चालले आणि तोटा सोसवेना म्हणून 1902 च्या अखेरीस बंद पडले.

एप्रिल 1901 च्या अंकात सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा आली. हिंदीतील पहिल्या कथेचा मान कोणत्या कथेस द्यावा या वादात तिचे नाव नेहमी घेतले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. जमीनदाराला वाड्याचे आवार वाढवावयाचे असते आणि आड येते एका विधवेची झोपडी. तो वकिलांच्या हातावर पैसे ठेवतो, न्यायालयातून ताबा मिळवितो आणि म्हातारीला बाहेर काढतो. पुढे ती येऊन चुलीसाठी टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलावयास त्याचाच हात मागते. टोपली त्याला उचलत नाही. तेव्हा ती विचारते की, ही एक टोपली जर जड होते, तर या जमिनीवरच्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा वाहणार? जमीनदाराला पश्चात्ताप होतो आणि झोपडी परत मिळते.

या कथेत जमीनदाराच्या अवतीभवती माणसे आहेत, पैसे घेऊन कायद्याचा कीस काढणारे वकील आहेत. खरे बोलते ती एकटी म्हातारी. तिच्या बोलण्यात शिवी नाही, शाप नाही. ती विनंतीच करते, आणि विनंतीच्या आवरणात सत्य सांगते. चार शतकांपूर्वी खैरागढच्या चारणाने ‘सरकार, ऐकावे’ असे म्हणत जे केले तेच हे. आणि ही कथा लिहिणारा जमीनदार घराण्याचे वेतन घेत होता, हे विसरता येत नाही. अन्न कोणाचे खावे याला गरिबाच्या आयुष्यात मर्यादित पर्याय असतात. अन्नाबरोबर जीभही द्यावी की नाही, हा निर्णय मात्र त्याच्या हाती राहतो. सप्रे यांनी तो निर्णय स्पष्ट केला होता.

परंतु इतिहास येथे संपला असता तर तो एका निःस्पृह पुरुषाचे चरित्र म्हणून सुखाने वाचता आला असता. तो तसा संपत नाही. एप्रिल 1907 मध्ये सप्रे यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला. टिळकांच्या ‘केसरी’चा विचार हिंदी वाचकांपर्यंत नेणे हा त्याचा हेतू होता. जुलै 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची मंडालेस रवानगी ठरली, आणि 22 ऑगस्ट 1908 रोजी राजद्रोहाच्या आरोपाखाली सप्रे यांना अटक झाली. तुरुंगात असताना वडील बंधूंच्या व आप्तांच्या आग्रहापुढे त्यांचा निश्चय ढळला. त्यांनी क्षमापत्रावर सही केली आणि नोव्हेंबरात त्यांची सुटका झाली.

ज्या लेखणीने नामवंत ग्रंथकारांचीही भीड ठेवली नव्हती तिनेच सरकारपुढे मान लवविली. या घटनेला काय म्हणावे? त्या वेळच्या अनेकांनी तिला सरळ शरणागती म्हटले, आणि ती शरणागती होतीच. तथापि क्षमापत्र आणि खुशामत या एकाच जातीच्या गोष्टी नव्हेत. खुशामत लाभासाठी असते, क्षमापत्र भयापोटी किंवा मायेपोटी असते. खुशामत करणारा आपण खुशामत करतो हे स्वतःपासूनही लपवितो. पुढे पुढे तर त्याला आपले बोलणे खरेच वाटू लागते. क्षमापत्रावर सही करणाऱ्याला आपण काय करतो हे पुरते ठाऊक असते, आणि तेच त्याचे दुःख असते. म्हणून दोहोंची खरी परीक्षा पुढच्या आयुष्यात होते. खुशामत करणारा मिळालेल्या पायरीवरून पुढची पायरी पाहतो. क्षमापत्र देणाऱ्याने जर त्या सुटकेचा उपयोग सरकारदरबारी जागा मिळविण्यासाठी केला असता तर ते क्षमापत्र मागाहून खुशामत ठरले असते.

सप्रे यांनी तसे केले नाही. त्यांनी सार्वजनिक जीवनातून स्वतःला बाजूला काढले. रामदासी संप्रदायात त्यांनी दीक्षा घेतली, काही काळ भिक्षेवर राहिले, आणि रायपुरास येऊन भाषांतराला बसले. प्रथम हाती घेतला तो ‘दासबोध’. या ग्रंथाच्या चौदाव्या दशकात कवित्वकलेचे निरूपण करणारा समास आहे; त्यात समर्थांनी ढीठ, पाठ आणि प्रासादिक असे कवित्वाचे प्रकार सांगितले आहेत, आणि द्रव्यदारेच्या आशेपासून मोकळी अशी प्रासादिक वाणी श्रेष्ठ मानली आहे. नरस्तुतीला नाकारणारी ही मराठी संतपरंपरा ओवीओवीने हिंदीत उतरविताना, नुकतेच क्षमापत्र दिलेल्या भाषांतरकाराच्या मनाची स्थिती काय झाली असेल, याचा तर्क वाचकाने करावा. चरित्रकार तिला प्रायश्चित्त म्हणतात.

त्याहूनही विलक्षण योग पुढे आला. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ 1915 मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले. त्याचे हिंदी भाषांतर केले ते सप्रे यांनी. ज्याने क्षमा मागितली नाही त्याचा ग्रंथ, ज्याने मागितली त्याच्या हाताने सगळ्या हिंदी मुलखात गेला. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचेही भाषांतर त्यांनी ‘महाभारत मीमांसा’ या नावाने केले. स्वतंत्र लेखन करण्याची योग्यता असलेल्या पुरुषाने आपली उत्तम वर्षे दुसऱ्याचे शब्द वाहण्यात घालविली, याबद्दल काही समीक्षकांना हळहळ वाटते. ती पुरती यथार्थ नाही. भाषांतर हा व्यवसाय खुशामतीच्या नेमका उलट आहे. खुशामत करणारा दुसऱ्याची महती सांगत असताना लक्ष स्वतःच्या पदरात काय पडते याकडे ठेवतो. भाषांतरकार दुसऱ्याची महती आपल्या भाषेत उभी करतो आणि स्वतः अक्षरांमागे राहतो. दोघेही मोठ्याच्या सेवेत असतात. पण एकाची सेवा मोठ्या माणसाची, दुसऱ्याची मोठ्या कृतीची. आणि कृती कोणाला किताब देत नाही.

किताबाचा प्रश्न या मंडळातही आलाच. ‘छत्तीसगढ मित्र’चे प्रकाशक वामनराव लाखे यांनी पुढे रायपुरात सहकारी चळवळ उभारली. त्यांच्या लोकसेवेची दखल घेऊन सरकारने त्यांना रायसाहेब केले. येथे खुशामतीचा संबंध नव्हता. काम खरे होते आणि मानही त्या कामाचाच होता. तरीही 1920 साली असहकाराची हाक आली तेव्हा त्यांनी तो किताब परत केला. प्रामाणिकपणे मिळालेला मानसुद्धा देणाऱ्याच्या अन्यायापुढे तोंड बंद ठेवण्याची अट घालू लागला तर तो परत करावा लागतो, हे लाखे यांनी जाणले. रायपूरकरांनी त्यांना ‘लोकप्रिय’ ही पदवी दिली. ती देणारे अनेक होते आणि ती कोणी काढून घेऊ शकत नव्हते. सरकारी किताबाहून तिचा हाच फरक.

या साऱ्यावरून राजाश्रय म्हणजे अधःपात असा निष्कर्ष काढणे मात्र उतावळेपणाचे होईल. रायगढचे राजे चक्रधरसिंह यांनी 1924 ते 1947 या आपल्या काळात नर्तकांना आणि वादकांना जो आश्रय दिला त्यातून कथकाचे एक स्वतंत्र घराणे उभे राहिले. खैरागढच्या राजघराण्याने आपला राजवाडा संगीताच्या शिक्षणासाठी दिला आणि 1956 मध्ये तेथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. ज्या नगरीत दलरामाने राजाला चार कठोर शब्द ऐकविल्याची परंपरा आहे, तेथेच राजवाडा विद्यार्थ्यांचा व्हावा, यात एक औचित्य आहे. आश्रयाने कला वाढते. ती बिघडते केव्हा, तर आश्रयदात्याच्या डोळ्यांकडे पाहून कलावंत सम चुकवू लागतो तेव्हा. आश्रय देणारा राजा असो, सरकार असो, विद्यापीठ असो, पुरस्कार देणारी संस्था असो की वाचकांची झुंड असो, हा धोका सारखाच असतो. किंबहुना जेथे राजा एक होता तेथे त्याला ओळखणे सोपे होते. जेथे सत्ता समित्यांत वाटली गेली आहे तेथे लेखकाला आपण कोणापुढे झुकतो आहोत याचाही पत्ता लागत नाही. प्रस्तावनेतील अनावश्यक कृतज्ञता, परीक्षणातील जपून ठेवलेले मौन, चर्चासत्रातील अध्यक्षांच्या मताशी झालेले अकस्मात मतैक्य, ही खुशामतीची आधुनिक रूपे सभ्य आहेत, आणि सभ्य असल्यामुळेच ती अधिक काळ टिकतात.

माधवराव सप्रे यांचे 23 एप्रिल 1926 रोजी रायपुरात निधन झाले. तत्पूर्वी 1924 मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले होते. मराठी घरात जन्मलेल्या भाषांतरकाराचा हिंदीने केलेला हा सन्मान होता. 2000 साली छत्तीसगढ स्वतंत्र राज्य झाले, रायपूर त्याची राजधानी झाले, आणि सप्रे यांच्या नावाचा गौरव आता शासकीय व्यासपीठांवरूनही होतो. तो योग्यच आहे. पण त्या गौरवात बहुधा 1908 चा नोव्हेंबर महिना गाळला जातो. ही गाळणीही एक प्रकारची खुशामतच आहे, कारण मृताच्या नावाने जिवंतांना बरे वाटावे हा तिचा हेतू असतो. सप्रे यांनी स्वतः कोणत्याही ग्रंथकाराला अशी सवलत दिली नव्हती. त्यांच्या चरित्राचे परीक्षण त्यांनीच ‘छत्तीसगढ मित्र’च्या पानांवर केले असते तर क्षमापत्राचा उल्लेख त्यात पहिल्या परिच्छेदात आला असता, आणि दासबोधाच्या भाषांतराचा दुसऱ्या.